जांभळाचा रंग गेला कुठे?

सेलिनाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसईच्या बाजारात भाजी घेत होतो. त्यांचा भाचा विन्सेंट बोलत होता. “सर, आत्या सकाळी गेली,” एवढंच म्हणाला. त्यांच्या गावी, गिरीजला पोचेपर्यंत मनात एकच घोळत होतं, त्यांच्या देखत सांगायचं ते राहूनच गेलं...

आम्ही दोघं एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. त्या मला सर म्हणत, मी त्यांना बाई. घरच्या केळीच्या वाडीतून सायकलने येत. कुणी न पाहताच निरीक्षण लिहिलं, की शांतपणे विचारत, “डोळे घरी ठेवून आलास का रे?”

एका उन्हाळी सुट्टीत मुलांनी जांभळाच्या रंगावर चालणारे सौरघट करायला घेतले. काचेवर टिटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे पांढऱ्या ऑइलपेंटमधल्याच भुकटीचा पातळ थर, आणि त्यावर जांभळाचा रस. रंगाने ऊन पकडायचं, भुकटीला इलेक्ट्रॉन द्यायचे आणि वीज करायची. पण मुलं वाडीतली. ओलं काही दिसलं की उन्हात टाकायचं, हे त्यांच्या हातात बसलेलं. सुकेळी करायला केळी वाळवावीत तशा त्यांनी काचा गच्चीवर मांडल्या आणि विसरले. आठवड्याने पाहतो तर सगळ्या पांढऱ्याफटक. मी वैतागून म्हणालो, फेका त्या.

बाई म्हणाल्या, “सर, रंग गेला कुठे?”

उन्हात सगळेच रंग उडतात, असं म्हणून मी विषय संपवला. त्यांनी तो संपवला नाही. नव्या काचा केल्या, प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि शेजारी रस लावलेली साधी काचही ठेवली. कागदाखालचा रंग जसाच्या तसा राहिला. साध्या काचेवरचा नुसता फिका झाला. उघड्या पांढऱ्या थरावर मात्र डागही उरला नव्हता. बाई हसल्या. “वीज राहिली बाजूला. हा पांढरा बाबा ऊन पिऊन रंगच खातोय.” भुकटीचा हा गुण जगाला आधीच ठाऊक होता, पण आमच्या गच्चीवर तो बाईंनी स्वतः गाठला. मग कापड रंगवून उरलेलं पाणी त्याच थरावर उन्हात स्वच्छ करण्याची कल्पनाही त्यांचीच. मुलांना सांगत, “उन्हात झाडाचं पानही रोज मोडतं. फक्त ते रोज स्वतःला दुरुस्तही करतं. आपल्या काचेला तेवढं जमत नाही.”

या कामावर शहरातल्या एका परिषदेत बोलायचं होतं. बाईंची आई आजारी, म्हणून मी एकटा गेलो. कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणालो, “त्या पांढऱ्या काचा पाहून माझ्या मनात प्रश्न आला...” बाईंचं नाव शेवटी आभारात आलं. पुढे तीच गोष्ट मी इतक्यांदा सांगितली, की सांगताना अडखळेनासा झालो.

माझ्या निरोप समारंभातही सांगितली. बाई पहिल्या रांगेत होत्या. टाळ्या वाजवल्या, नंतर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “सर, काळा कागद सांगायचा राहिला.” मला तो टोमणा वाटला आणि मी त्यांना टाळू लागलो. आज वाटतं, त्यांना खरंच कागदाचीच रुखरुख असावी. झाकलेल्या भागाशिवाय तो प्रयोग सिद्ध होत नाही. स्वतःचं नाव त्यांच्या हिशेबातच नसेल.

गेल्या रविवारी चर्चमध्ये बाईंच्या महिन्याचा मिस्सा, त्यांच्यासाठीची प्रार्थना, झाला. नंतर विन्सेंट आणि मी बाईंच्या ओट्यावर बसलो. संध्याकाळी तिथे बसून पेपर तपासायची त्यांची सवय होती. कठड्यावर लाल शाईचे ठिपके अजून आहेत. विन्सेंटने सहज विचारलं, कॉलेजात तुमचा तो पाण्याचा प्रयोग होता, त्यात आत्या पण होती ना? मी म्हणालो, “माझा नव्हता. तो बाईंचाच होता.” आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आत्या आम्हाला कधी बोलली नाही, सर.”

त्याने आत वळून बायकोला हाक मारली, मुलांनाही घेऊन ये म्हणाला. सगळे ओट्यावर येऊन बसले. मग तो माझ्याकडे वळला. “सर, आता पहिल्यापासून सांगा.”