पाचवा विषय आणि चहा

बोर्डाच्या मिटिंगमध्ये पाचवा विषय आला आणि टेबलाभोवतीचे सगळे समोरचे कागद चाळू लागले. विषय साधा होता: इन्स्पेक्शन खातं प्रॉडक्शनकडून काढून थेट बोर्डाच्या हाताखाली आणायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बेळगावातल्या एका फाउंड्रीत मी कंपनी सेक्रेटरी होतो, म्हणजे मिटिंगा भरवणं, ठराव लिहिणं, कायदा सांभाळणं. आम्ही लोखंड ओतून पंपांचे भाग करायचो. चेअरमन अण्णा. प्रॉडक्शन त्यांचे धाकटे भाऊ बाळासाहेब बघत. इन्स्पेक्शनला निपाणीचे कांबळे इंजिनिअर होते. बारीक छिद्रं दिसली की ते माल अडवत, म्हणून बाळासाहेब त्यांना काढायच्या बेतात होते. तेवढ्यात जर्मन गिऱ्हाइकानं अट घातली: माल करणाऱ्याच्या हाताखाली माल तपासणारा नको. म्हणून अण्णांनी हा विषय बोर्डापुढे ठेवला.

कर्ज देणारी संस्था बोर्डावर आपला माणूस बसवते, त्याला नॉमिनी डायरेक्टर म्हणतात. आमचे नॉमिनी बंगळूरचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी सुचवलं, विरोध असेल त्यांनी हात वर करावा. कुणी केला नाही. मग बाजूनं असतील त्यांनी करावा. तेही नाही. ते माझ्याकडे बघू लागले.

त्यांना कसं कळावं? आमच्याकडे धाकटा चारचौघांत थोरल्याला विरोध करत नाही, आणि थोरला परक्यासमोर धाकट्याला मान खाली घालायला लावत नाही. बाकीचे डायरेक्टर भाऊबंदच. मी चहा मागवला आणि नॉमिनीसाहेबांना वर्क्स मॅनेजरबरोबर नवी भट्टी बघायला धाडलं.

दार लागताच बाळासाहेब म्हणाले, "अण्णा, कांबळ्याला माझ्या डोक्यावर बसवताय व्हय?"

"डोक्यावर न्हाय रं, शेजारी. माल परत आला तर तोंड मला दाखवायचंय."

"आधी घरात बोलला असता तर?"

"तू घरात असतोस कवा?"

बाळासाहेबांना हसू आलं. त्यांनी कप खाली ठेवला.

नॉमिनीसाहेब परतले आणि मत पुन्हा घेतलं, तेव्हा पहिला हात बाळासाहेबांचा होता. चर्चा कधी झाली, असं नॉमिनीसाहेबांनी विचारलं. चहाला, मी सांगितलं. ठरावात कारणं लिहा, एवढंच ते म्हणाले.

कांबळे राहिले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी एक लॉट अडवला. बाळासाहेब माझ्या टेबलाशी आले. तक्रार कुणाकडं करायची?

"बोर्डाकडे."

"म्हंजे अण्णाकडंच की."

मग जाऊन लॉट परत वितळवायला सांगून आले.

कोण कुणाच्या हाताखाली, हे बाहेरचा माणूस ठरवून देऊ शकतो. कोण कुणासमोर बोलेल, हे त्याला ठरवता येत नाही. तेव्हापासून माझ्या अजेंड्यावर अवघड विषयाच्या आधी चहा छापलेला असे.