मे महिन्यावर ढकललेला धडा

अमेरिकेत, अलाबामातल्या त्या गावात व्हर्ना प्रूटबाई जीवशास्त्र शिकवायला लागल्या, तेव्हा पहिल्याच वर्षी त्यांनी उत्क्रांतीचा धडा मन लावून शिकवला. माणूस माकडांच्या कुळातला, हे बायबल अक्षरशः मानणाऱ्या गावाला रुचलं नाही. त्याच हिवाळ्यात त्यांची आई गेली. मयताच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, चर्चच्या बायकांनी भांडी भरभरून जेवण पोचवायचं, ही तिथली रीत. बाईंच्या दारात मात्र कुणी साधी वाटीसुद्धा आणली नाही. भांडण नाही, तंडण नाही, सरळ वाळीत टाकलं.

"शिकव अजून माकडं!" नवरा डॉइल कोरडा पाव चावत म्हणाला. "आता माकडंच डबा आणतील."

बाई तेव्हापासून ताकही फुंकून प्यायला लागल्या. तो धडा त्यांनी मे महिन्यावर ढकलला. मेमध्ये परीक्षा, बेसबॉलचे सामने, निरोपसमारंभ. वर्ष संपायचं, धडा राहायचा. खोटं अक्षर त्या कधी बोलल्या नाहीत, पण खरंही बोलल्या नाहीत आणि त्याची लाज त्यांना दर मेमध्ये नव्यानं वाटायची. डॉइल गेला तेव्हा घरचा काय, शेजारणीचा फ्रीजसुद्धा अपुरा पडेल इतकं जेवण आलं. बाईंच्या घशाखाली घास उतरेना.

निवृत्तीच्या वेळी त्यांनी ठरवलं, आता भ्यायचं कुणाला? चर्चच्या हॉलमधल्या निरोपाच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, की तो धडा मी भीतीपोटी गाळला आणि चुकले.

पण आधी पाद्री उठले. कॉय हॅमंड, बाईंचाच विद्यार्थी.

"बाई, आठवतंय? ओढ्यातला, शिंपले रुतलेला दगड मी तुम्हाला आणून दाखवला होता. म्हटलं, इथं समुद्र कुठून आला? तुम्ही म्हणालात, मे महिन्यात सांगते. वर्षभर वाट बघितली हो मी! शेवटी चर्चमध्ये विचारलं. तिथं लगेच सांगितलं, बायबलातला नोहाचा पूर, सगळी पृथ्वी बुडाली होती तेव्हाचा. त्या दिवसापासून मी देवाचा झालो. तुमचेच उपकार! आता शाळा समितीवर आहे, तर तो धडाच काढून टाकतोय. नाहीतरी तुम्ही कुठं कधी शिकवलात?"

हॉल हसला. टाळ्या पडल्या. बाई उभ्या राहिल्या.

"कॉय, तो दगड आहे का रे अजून?"

"दगड? तेव्हाच भिरकावला की ओढ्यात!"

बाईंचे ओठ हलले. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या ताटलीत अक्रोडाच्या गोड केकचा भलामोठा तुकडा वाढला. "बसा हो बाई. खाऊन घ्या, तुमच्यासाठीच केलाय."

बाई बसल्या आणि त्यांनी तो सगळा खाल्ला.