आयली कांतोला पुढे उभी राहिली

आयली कांतोला आमच्या शेजारची. सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या गावाचा एक वाद्यवृंद होता. त्यात एकतीस वर्षं ती मागच्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवत होती. तेवढ्यावर तिचं भागत नसे. लग्न असो, मयत असो, कुणाच्या नव्या सॉनाचं, म्हणजे कपडे काढून वाफ घेत बसायच्या खोलीचं, उद्घाटन असो, आयली हजर. शनिवारी आम्हा फिनलंडकडच्या लोकांच्या हॉलमध्ये जोडीच्या नाचासाठी टँगो, रविवारी चर्चमध्ये स्तोत्रं. एकदा गावातल्या सार्मोच्या आटलेल्या गाईसमोर तिने तासभर बाख वाजवला. गाईने काही दूध दिलं नाही, पण सार्मो ढसाढसा रडला.

रविवारी हॉलमध्ये कॉफी उकळली की ती एक छोटी धून वाजवायची. ती कानावर पडली की आमची म्हातारी मंडळी वाक्य अर्धवट टाकून कपांकडे निघायची.

एका फेब्रुवारीत वाद्यवृंदाच्या कार्यक्रमासाठी टोरंटोहून येणारा मोठा व्हायोलिनवादक हिमवादळात अडकला. वृंदाचे संचालक ड्यूफ्रेन यांचा फोन आला तेव्हा आयली सॉनात होती. तिचा नवरा तोइवो दाराबाहेरून ओरडला, "अगं, आज तुला पुढे उभं राहायचंय!"

"कुणाच्या पुढे?"

"सगळ्या गावाच्या!"

"कपडे घालून ना रे?"

संध्याकाळी ती उभी राहिली आणि झकास वाजवू लागली. मग ती जागा आली, जिथे बाकीचे थांबतात आणि वादकाने एकट्याने कसब दाखवायचं असतं. तिथे आयली पुढचं साफ विसरली. पण हात थांबवायची तिला सवयच नव्हती. आधी टँगो निघाला, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतलं म्हातारं जोडपं लाजलं. मग मयतीचं स्तोत्र निघालं, तोइवोने टोपी काढली. आणि मग बोटं आपसूक कॉफीच्या धुनेवर गेली.

मागच्या सहा रांगा एकदम उठून दाराकडे निघाल्या. खोटं कशाला बोलू, मीही उठलो.

"हे लोक चालले कुठे?" ड्यूफ्रेन कुजबुजले.

"कॉफीला," आयली वाजवता वाजवता म्हणाली.

"पण बाहेर कॉफी आहे कुठे?"

"नाहीये! म्हणून तर घाम फुटलाय मला!"

रिकाम्या टेबलाभोवती घुटमळून आम्ही ओशाळं तोंड करून परत आलो. तोवर ती वाजवतच होती, आणि आम्ही बसता बसता तिला पुढचं आठवलं. शेवटी टाळ्या काही थांबेनात.

दुसऱ्या दिवशी ड्यूफ्रेन घरी आले. आता हिला काढून टाकणार, या धास्तीने तोइवोने त्यांच्यापुढे अख्खा पाव ठेवला. पण ते म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी पुन्हा वाजवाल?"

"वाजवीन की! पण खुर्ची द्या. माझे गुडघे बसून वाजवणारे आहेत."

पुढच्या वर्षी तिने खुर्चीत बसून वाजवलं, एक सूर चुकला नाही. गाव जरा हिरमुसलंच.