स्टेशनावरची लोखंडी सोंड

लोक विचारतात, "बाई, तुमच्या मंडळानं आजवर काय वाचवलं?" मी सांगते, किस्से. वस्तू एकही नाही. किस्से मात्र इतके साचलेत की ते ठेवायलाच एखादी खोली मागावी लागेल, आणि खोली तर आम्हाला कोणी देत नाही.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. मी इतिहासाची रिटायर शिक्षिका, वडील वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. वानखडे मास्तर, रिटायर स्टेशनमास्तर. शफीचाचा, वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनांपैकी आमच्याकडे उरलेले एकटे. आणि सुधाकर, ज्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याचा रेल्वेशी काडीचा संबंध नाही. तो मंडळात का आहे हे त्यालाही सांगता येत नाही, पण बिचारा येतो.

आमची लाइन म्हणजे बुलडाणा जिल्ह्यात मोठ्या लाइनीला फुटलेला एक फाटा. एके काळी ह्यावरून कापसाच्या गाठी जायच्या. स्टेशनाचं नाव सांगत नाही, उगाच तिथल्या आत्ताच्या मास्तरला नोटीस निघायची.

वाफेच्या काळातलं त्या स्टेशनावर एकच उरलं होतं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक उंच लोखंडी खांब आणि त्याच्या डोक्यावर आडवा, फिरता, जाड पाइप. इंजिन खाली येऊन उभं राहिलं की तो पाइप फिरवून इंजिनावर आणायचा आणि पाणी भरायचं. सगळे त्याला सोंड म्हणायचे. मग प्लॅटफॉर्म लांबवायचं काम निघालं आणि सोंड भंगारात जायचं ठरलं.

शफीचाचा त्या दिवशी माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "बाई, इंजिन गेलं, शेड गेलं, माह्या हातातलं फावडं गेलं. आता ही सोंडबी गेली, तं शफी जिंदगीभर काय काम करे, हे मी नातवायले कसं दाखवू?"

तेव्हापासून मंडळाचं काम एकच. सोंड वाचवायची.

*

सुरुवातीला मंडळ चांगलं मोठं होतं. आता कोणी म्हणेल, बाकीचे कुठे गेले? तर ते एका वारामुळे गेले.

आम्ही अर्जासोबत जोडायला इतिहास लिहायला बसलो. शेवटचं वाफेचं इंजिन आमच्या स्टेशनावरून कधी गेलं, हे पहिलंच वाक्य. वानखडे मास्तर म्हणाले, गुरुवारी. शफीचाचा म्हणाले, सोमवारी. 

"मी इंजिनावर होतो ना मास्तर."

"मी झेंडी दाखवली."

"सोमवार बाजाराचा दिस होता. म्या वांगे घेतले होते. इंजिनातच ठेवले होते."

"वांगे तुम्ही कोणत्याही दिवशी घेतले असतील."

शफीचाचांना हे लागलं. झालं, निम्मं मंडळ गुरुवारचं, निम्मं सोमवारचं. मीटिंगमागून मीटिंग ह्याच एका वाक्यावर. एका गृहस्थांनी तर चिडून बुधवार काढला, ते त्या काळात ह्या गावात राहतही नव्हते! शेवटी एकेक जण यायचा बंद झाला. आजही रस्त्यात भेटले तर तोंड फिरवतात. इतिहासाचं पहिलं वाक्य अजून लिहून झालेलं नाही.

*

मग मी म्हटलं, फोटो तरी जमवू. गावोगावी निरोप पाठवले, वाफेच्या इंजिनाचा फोटो असेल तर दाखवा, आम्ही मोबाइलमध्ये काढून घेतो, तुमचा तुम्हाला परत.

सोनाळ्याहून एक जण मोठ्या हौसेनं लग्नाचा फोटो घेऊन आला. वरात रेल्वेनं निघाली होती म्हणे. मी चष्मा लावून बघितलं. नवरदेव, करवली, मामा, मामाचे मामा, बँडवाले, सगळे ओळीनं उभे. 

"अहो, ह्यात इंजिन कुठाय?"

"हाय ना बाई. मांगं हाय. मामाच्या मांगं."

मामा अंगानं चांगलेच भरलेले होते. डोक्यावरच्या फेट्याच्या वर जरासा धूर दिसत होता, तेवढंच इंजिन. पुढे पुढे लक्षात आलं की सगळ्यांचंच हे. ज्याच्याकडे म्हणून फोटो होता, त्याच्यात माणसं इंजिनासमोर उभी राहून इंजिन झाकत होती. मंडळाकडे आज फोटोंचा मोठा संग्रह आहे. त्यात मामा पुष्कळ आहेत.

*

हा पुढचा किस्सा सांगताना मला स्वतःचाच राग येतो.

देऊळघाटला एका ड्रायव्हरची बायको हयात आहे असं कळलं. आम्ही गेलो. आजी ओसरीत बसल्या होत्या, आवाज एकदम खणखणीत. मोबाइल समोर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. म्हटलं, आजी, त्या काळचं सांगा.

आजी जे सुटल्या ते कपड्यांवर. ह्यांचे कपडे कसे काळे येत, कोळशाचा डाग कसा निघत नाही, आधी राखेत भिजवायचे, मग सोड्यात उकळायचे, हाताची सालं कशी निघायची, ईदेला पांढरा कुर्ता घातला तरी मानेपाशी काळी रेघ उमटायचीच. संध्याकाळ व्हायला आली. वानखडे मास्तर चुळबुळ करायला लागले. शेवटी म्हणाले, "आजी, इंजिनाबद्दल काही सांगा ना."

आजी म्हणाल्या, "इंजिन म्या कवा पाह्यलं? मले कोनं नेलं तथं? म्या कपडे धुतले बाप्पा."

परत येताना मास्तरांनी ते रेकॉर्डिंग काढून टाकलं. "विषयाला धरून नाही," म्हणाले. मोबाइल माझा होता. मी बघत होते आणि मी काही बोलले नाही, कारण मलाही तेव्हा तसंच वाटलं. नंतर अक्कल आली म्हणून पुन्हा गेलो, तर आजी गेलेल्या. ओसरीत दुसरंच कोणी बसलं होतं.

*

एक गोष्ट मात्र ह्या फाट्यावर व्यवस्थित टिकली आहे. आमच्यामुळे नाही.

जुन्या जिनिंग कारखान्याकडे एक बाजूची लाइन जायची. रूळ कधीच उचलले, पण एक मैलाचा दगड झुडपात शिल्लक आहे असं सुधाकरनं शोधून काढलं. आम्ही खुरपी, ब्रश, पाण्याची कॅन असं सगळं घेऊन गेलो. बघतो तर झुडूप नाहीच. स्वच्छ सारवलेली जागा, वर पत्रा, भोवती कठडा, आणि दगड शेंदरानं असा माखलेला की आकडा दिसायची सोय नाही. शेजारी नारळाची करवंटी आणि ताजी फुलं.

तिथल्या बाईला मी म्हटलं, "अहो, हा रेल्वेचा मैलाचा दगड आहे."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खुरपी पिशवीत टाकली. म्हणाली, "असंन. पन नवसाले पावते."

मास्तरांनी चप्पल काढून नमस्कार केला. मला म्हणाले, "बाई, निदान ह्याची देखभाल होते. आपण सोंडेलाही शेंदूर लावू या का? कोणी हात लावणार नाही."

मी शफीचाचांकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना आवडणार नाही. ते म्हणाले, "लावा ना. शेंदूर लावा, नायतं चादर चढवा, मले काई हरकत नाई. फक्त फिरते तथं तेल टाकू द्या म्हना."

*

ऑफिसांचं काय सांगू. एकानं सांगितलं, पाण्याचं आहे म्हणजे पाणीपुरवठ्याकडे जा. पाणीपुरवठ्याचे म्हणाले, ह्यातून पाणी येतं का? येत नाही ना, मग आमचं कसं? तिसऱ्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं मन लावून ऐकलं. आम्हाला किती बरं वाटलं. शेवटी म्हणाला, "पण मॅडम, गंजलेला पाइप वाचवून तुम्हाला मिळणार काय?"

शफीचाचांनी टोपी सारखी केली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी परत येताना बसमध्ये मी खिडकीतून बघत बसले. खरं सांगते, तेव्हाच सोडून द्यावंसं वाटत होतं. सरकारी माणसाचा राग येईना, आपलाच येत होता. हे कोणाला हवंय? ज्यांना हवं होतं ते एकेक करून मातीत चाललेत, आणि आम्ही वारावर भांडतोय.

आणि मग कधी नव्हे ते एक भला साहेब भेटला. नवीन बदलून आलेला, तरुण. त्यानं फाइल बंद केली आणि म्हणाला, "मी स्वतः येऊन बघतो. नुसता खांब असेल तर मला ठेवता येणार नाही. पण पाइप फिरत असेल, म्हणजे वस्तू चालू स्थितीत असेल, तर मी राहू देईन. फिरवून दाखवा."

*

आता त्या दिवसाचं सांगते.

साहेब यायच्या आधी आठवडाभर सुधाकर तिथेच पडीक. रॉकेल म्हणू नका, डिझेल म्हणू नका, ग्रीस म्हणू नका, त्यानं सोंडेच्या सांध्यात ओतायचं काही शिल्लक ठेवलं नाही. शफीचाचा खाली उभे राहून हात लावून बघायचे, "अजून थोडं जिरू दे."

साहेब आले. प्लॅटफॉर्मच्या कामावरचे मजूरही हातातलं काम सोडून बघायला जमले, त्यांचा गॅस कटर तिथेच पडलेला. शफीचाचांनी बाह्या सारल्या. ते आणि सुधाकर पाइपाला बांधलेला दोर ओढायला लागले. काही होईना. मग एकदम असा कर्कश आवाज आला की माझे दात शिरशिरले, आणि सोंड हलली. सावकाश, कुरकुरत, फिरत फिरत बरोबर रुळांच्या वर येऊन थांबली. वाफेचं इंजिन उभं असतं तर नेमकी त्याच्या पाण्याच्या टाकीवर.

मजुरांनी टाळ्या वाजवल्या. शफीचाचा रडत होते आणि हसत होते. साहेबांनी फोटो काढला आणि ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, "हे काढायचं नाही. प्लॅटफॉर्म अलीकडे संपवा." इतकं सोपं. मला वाटलं, पळत घरी जावं आणि वडिलांच्या फोटोला सांगावं.

वानखडे मास्तरांनी घड्याळ बघितलं. "शटल यायची वेळ झाली. सोंड परत घ्या, लाइनीवर आडवी आहे."

दोर दुसऱ्या बाजूनं ओढला. सोंड हलेना. मजूर लागले, मास्तर लागले, मी पदर खोचून लागले. सुधाकर वर चढला, बघून उतरला. आत काहीतरी तुटून अडकलंय म्हणाला. आताचं इंजिन त्या जुन्या टाकीपेक्षा उंच, गाडी आली असती तर सोंड थेट त्याच्या काचेत शिरली असती.

साहेब शांत होते. म्हणाले, "घाबरू नका. शटल मागच्याच स्टेशनावर थांबवायला सांगतो. चेन-पुली मागवू. तास-दीड तासात काम होईल."

माझा जीव भांड्यात पडला. पण मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "थांबवायची? गाडी?" ते म्हणाले. "साहेब, त्यात दवाखान्याचे लोक असतात. पुढे मेल पकडायची असते."

"मास्तर, तुम्ही रिटायर झालात," मी म्हटलं. "साहेब परवानगी देतायत ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते शफीचाचांकडे बघत होते. चाचांनी मान हलवली. ज्या दोघांचं वारावरून वाजलं होतं, त्यांचं नेमकं इथे एकमत झालं!

"सोंड आडवी राहनं ही फायरमनची चुकी असते, साहेब," शफीचाचा म्हणाले. "तिच्यापायी गाडी नाई थांबवत."

"चाचा, अहो, तासभर थांबली तर काय होतंय? वाचली आहे ती आत्ता!" मी जवळजवळ किंचाळले.

ते मजुराकडे वळले. "भाऊ, कटर चालू कर."

मजुरानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे. मी नको नको म्हणून हात हलवत होते.

"तिकडं काय पाहून राह्यला बे? लाइन क्लिअर पाह्यजे. काप."

कापलेला पाइप रुळावर आदळू नये म्हणून दोर शफीचाचांनी स्वतः धरला. ठिणग्या त्यांच्या टोपीवर पडत होत्या, ते हलले नाहीत. सोंड खाली आली. सगळ्यांनी मिळून ती बाजूला ओढली. साहेब आपल्या जीपमध्ये जाऊन बसले. नुसता खांब ठेवता येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलेलं होतं.

शटल आली. अर्धी रिकामी. मास्तर ताठ उभे राहिले. शफीचाचांनी त्यांच्या शेजारी उभं राहून ड्रायव्हरला हात वर करून सगळं ठीक असल्याची खूण केली. ड्रायव्हर पोरगेला होता, त्यानं मान डोलावली. गाडी थांबली, माणसं उतरली, गाडी गेली.

मी त्या कापलेल्या पाइपावर बसून रडत होते. रागानं की दुःखानं, मला तेव्हाही कळलं नाही. शफीचाचा हात पुसत जवळ आले.

"काऊन रडून राह्यल्या, बाई?" ते म्हणाले. "एक मिनिटबी लेट नाई होऊ देल्ली."