एकवीस वर्षांचा ओव्हरएज

दोन हजार आठ सरता सरता आमच्या घरातल्या दोन्ही नोकऱ्या गेल्या. नवरा दुबई मरीनातल्या एका टॉवरच्या साइटवर इंजिनीअर होता आणि मी तिथल्याच एका रिअल इस्टेट ऑफिसात सेक्रेटरी. आधी त्याच्या टॉवरचं काम थांबलं, मग आमच्या ऑफिसातले फोन वाजेनासे झाले. आजूबाजूची अर्धी बिल्डिंग सामान बांधून परत गेली. आम्हीही जायच्या बेतात होतो, तेवढ्यात नवऱ्याला रुवैसच्या रिफायनरीत काम मिळालं. आठवडाभर तिकडेच राहायचं आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचं. मरीनातलं घर सोडून आम्ही शारजात रोल्लाला राहायला आलो. आम्ही म्हणजे सासूबाई, मी आणि नऊ वर्षांची लेक.

रोल्ला मला पहिल्या दिवसापासून आवडलं. मरीनात खिडकीतून समुद्र दिसायचा, पण कढीपत्ता आणायला गाडी काढावी लागायची. इथे जिना उतरला की रत्नागिरीकडच्या एका कुटुंबाचं दुकान. दुकानातल्या चाची सासूबाईंना "आवशी", म्हणजे आई, म्हणायच्या आणि कोकमं निवडून द्यायच्या.

मला नोकरी लागली ती दुबईतल्या एका मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर. काउंटरवर बसायचं, येणाऱ्याला पायाचा नंबर विचारून स्केट्स द्यायचे, क्लासची बुकिंग घ्यायची. स्टाफच्या मुलांना रिकाम्या वेळात बर्फावर फुकट जाता यायचं, म्हणून शुक्रवार-शनिवार लेक माझ्याबरोबर यायची. तिच्यावर लक्ष ठेवायला सासूबाईही यायच्या. बाहेर अंग भाजून निघावं असं ऊन आणि आत सासूबाई कानटोपी घालून, काचेला नाक लावून बसलेल्या. साताऱ्यातही मला इतकी थंडी कधी वाजली नव्हती, म्हणायच्या.

लहान मुलांना आइस हॉकी शिकवणारा कोच माझ्यानंतर महिन्याभराने आला. स्लोव्हाकियातल्या एका छोट्या गावचा. माझ्या काउंटरवरची पाटी त्याच्या कपाळाला लागायची इतका उंच, आणि चेहरा मात्र कॉलेजात नुकतंच पाऊल ठेवलेल्या पोराचा. इंग्रजी मोडकंतोडकं. मुलं पडली की तो हात धरून उठवायचा नाही. शेजारी स्वतः धपकन बसायचा आणि कसं उठायचं ते करून दाखवायचा. एवढा मोठा माणूस पडतो म्हटल्यावर मुलं हसत उठायची. माझी लेक त्याच्या बॅचमध्ये गेली ती यामुळेच.

एकदा दुपारी गर्दी नव्हती. तो चहाचा कप घेऊन काउंटरशी आला. मी सहज विचारलं, "तू स्वतः कुठे खेळतोस?"

"आता कुठेच नाही. ज्युनियर टीमसाठी मी मोठा झालो. सीनियर टीममध्ये जागा नाही. आणि ड्राफ्टसाठी मी ओव्हरएज."

"वय किती तुझं?"

"वीस. लवकरच एकवीस."

ड्राफ्ट म्हटलं की मला बँकेचा डिमांड ड्राफ्टच आठवायचा. माझा चेहरा बघून काउंटरमागे बसलेली लेक म्हणाली, "ममा, इट्स नॉट अ बँक थिंग! टीम्स चूज प्लेयर्स." मग त्या दोघांनी मिळून मला समजावलं. अमेरिका-कॅनडातली जी सगळ्यात मोठी लीग आहे, तिच्या टीम्स दर उन्हाळ्यात जगभरातली पोरं पाळीपाळीने निवडतात. निवड होते ती बहुतेक अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षी हा आपल्या वर्गात सगळ्यात बुटका होता. त्यानंतर दीड वर्षात वीतभर वाढला, पण तोवर बघायला येणारी माणसं दुसऱ्या पोरांकडे वळली होती. दोन उन्हाळे त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

घरी येऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं. "वय उलटलं? एकविसाव्या वर्षी?" त्या पोळी लाटायच्या थांबल्या. "अगं, एकविसाव्या वर्षी माणसाला धड कांदा चिरता येत नाही."

कोचच्या बॅचमधल्या एका मुलाचे वडील कॅनडाचे इंजिनीअर होते. तरुणपणी स्वतः बरं खेळलेले. दुबई-अबूधाबीत राहणाऱ्या परदेशी लोकांची एक हौशी लीग आहे, तिच्यात ते अजूनही खेळायचे. एकदा त्यांच्या टीमला माणूस कमी पडला म्हणून त्यांनी कोचला बरोबर घेतलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या काउंटरवर येऊन उभे राहिले. स्केट्स घेईनात, बुकिंग करीनात.

"हा पोरगा इथे काय करतोय?" ते म्हणाले. "काल आम्ही सगळे त्याच्यासमोर खांबासारखे उभे होतो."

मी कोचला बोलावलं. इंजिनीअरसाहेबांनी त्याची जन्मतारीख विचारली आणि बोटांवर हिशेब केला. आमच्याकडची पोरं विसाव्या वर्षापर्यंत निवडली गेली नाहीत तर ड्राफ्टमधून सुटतात, ते म्हणाले, पण युरोपातली पोरं एकविसाव्या वर्षीही ड्राफ्टमध्येच असतात. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात याला अजून एक संधी आहे. त्यानंतर बावीस पूर्ण झाली की तो मोकळा. मग ज्याला हवा त्याने सरळ करार करावा.

"आणि ओव्हरएज म्हणजे वाईटच असं नाही," ते त्याला म्हणाले. "शेवटच्या फेऱ्यांमध्ये टीम्स मुद्दाम तुझ्यासारखे युरोपियन शोधतात. शरीर तयार असतं, मोठ्या माणसांशी खेळायची सवय असते. पण त्यासाठी तू मोठ्या माणसांशी खेळताना कोणाला तरी दिसायला हवास. मॉलमध्ये नाही दिसणार."

कोच बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला इंग्रजीत मेल लिहिता येत नाही."

ते मला येत होतं. बारा वर्षं मी दुसरं काय केलं होतं? दुपारी काउंटर रिकामा असला की तो सांगायचा आणि मी टाइप करायचे. कुठल्या क्लबसाठी खेळला, डिफेन्समध्ये कुठल्या बाजूला, उंची किती, वजन किती. "मेहनती आहे" असं लिहू का विचारलं तर म्हणाला, सगळे तेच लिहितात. मग मी लिहिलं की हा खेळाडू उशिरा वाढला आणि त्याआधी बुटका असताना जे डोकं वापरायला शिकला ते अजून वापरतो. हे वाक्य त्याने तीनदा वाचायला लावलं. आवडलं असावं.

बऱ्याच क्लबांकडून उत्तरच आलं नाही. काहींनी आभार मानले. मग फिनलंडमधल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या एका क्लबने कळवलं की आमचा एक डिफेन्समन जखमी आहे, ऑगस्टमध्ये स्वखर्चाने येऊन दाखव. रिंकच्या मॅनेजरने त्याला बिनपगारी रजा दिली. "गो, हबीबी," ते म्हणाले, "नाही जमलं तर यल्ला, परत ये. मुलं आहेतच." सासूबाईंनी बेसनाचे लाडू करून दिले. विमानतळावर सामान तपासणाऱ्याने लाडवांचा डबा उघडून बघितला आणि एक मागून खाल्ला, असं त्याने नंतर लिहिलं.

तो निवडला गेला. वर्षभर तिकडे खेळला. अधूनमधून लेकीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन ओळींची मेल यायची. आज इतकी मिनिटं खेळलो, आज दात तुटला, आज गोल झाला. इंजिनीअरसाहेब त्यांच्या ओळखीच्या लोकांकडून खबर काढत. एकदोन टीम्सची माणसं त्याला बघून गेली आहेत, एवढं कळलं. "होईल?" मी विचारायचे. "इन्शाल्ला," ते कॅनडाच्या उच्चारात म्हणायचे.

दोन हजार दहाच्या जूनमध्ये तो मुलांच्या समर कॅम्पसाठी परत आला. ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्या तिकडे शनिवारी सकाळी, म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री होत्या. सासूबाई म्हणाल्या, हॉटेलच्या खोलीत एकटा कशाला बसेल, जेवायलाच बोलव. नवराही घरी होता. मी भरली वांगी, वरण-भात आणि शिरा केला. शिरा कशासाठी ते कोणी बोललं नाही.

लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवला. नावं एकेक करून येत होती. लेक ती मोठ्याने वाचायची आणि देशही सांगायची. "स्वीडन. कॅनडा. कॅनडा. यूएसए." पाचव्या फेरीत एक स्लोव्हाक नाव आलं तेव्हा आम्ही सगळेच उठलो, पण ते दुसऱ्याच कोणाचं होतं. तो म्हणाला, "हा चांगला आहे. माझ्याविरुद्ध खेळलाय." सहाव्या फेरीत त्याच्याहून चार महिन्यांनी मोठा एक रशियन गेला. "सी, कोच? ही इज ओल्डर दॅन यू!" लेक ओरडली. सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीला नवरा उगीचच फॅन वाढवून आला. मग पडद्यावर लिहून आलं की ड्राफ्ट संपला.

खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते. लेकीचे डोळे भरले. सासूबाई उठल्या, त्याच्या ताटात भात वाढला, वर तूप सोडलं आणि मला म्हणाल्या, "सांग त्याला. मला मुलं बघायला येत आणि जात. उंच आहे म्हणत, काळी आहे म्हणत, नोकरी करते म्हणत. लग्न झालं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. आमच्या आळीत सगळ्यांनी माझी आशा सोडली होती."

मी इंग्रजीत सांगितलं. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, "आणि नवरा चांगला मिळाला?"

सासूबाईंना तेवढं इंग्रजी कळलं. "घोरायचा," त्या मराठीतच म्हणाल्या, "पण चांगला होता."

हे सांगितल्यावर तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला. मग जेवला. दोनदा भात घेतला, वांगी संपवली आणि शिऱ्याची वाटी पुढे केली. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. अंगठ्याने तो टेबलाची कड सारखी घासत होता. पण भूकही खरीच होती. रविवारी सकाळी मी रिंकवर पोचले तेव्हा तो बर्फावर होता, आणि चार वर्षांच्या एका अरबी मुलीशेजारी धपकन बसला होता.

पुढे इंजिनीअरसाहेब म्हणाले होते तसंच झालं. बावीस पूर्ण झाल्यावर तो कोणाशीही करार करायला मोकळा झाला. अमेरिकेतल्या एका टीमने त्याला चाचणी शिबिराला बोलावलं. तिथे मोठ्या लीगमध्ये जागा मिळेल अशी आशा थोडी, बसमधून खालच्या लीगची गावं फिरत राहण्याची शक्यता जास्त. त्याच आठवड्यात त्याच्या स्वतःच्या देशातल्या पहिल्या दर्जाच्या क्लबने दोन वर्षांचा करार पुढे केला. त्याने फोन करून मला विचारलं, तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, मी मरीनातून रोल्लाला आले आणि मला झोप चांगली लागते. तो घरी राहिला.

त्या वेळेपर्यंत मी रिंकची असिस्टंट मॅनेजर झाले होते आणि लेकीचा स्केट्सचा नंबर माझ्याएवढा झाला होता. काही वर्षांनी, हातात थोडी रजा आणि थोडी शिल्लक होती तेव्हा आम्ही चौघं त्याच्या क्लबच्या गावी गेलो. बाहेर बर्फ पडत होता, आणि सासूबाई म्हणाल्या, एवढ्या लांब येऊन पुन्हा रिंकच. स्टेडियम जुनं, लाकडी बाकं, तळलेल्या सॉसेजचा वास. तो डिफेन्सच्या पहिल्या जोडीत खेळत होता. लेक इंग्रजीत ओरडत होती आणि शेजारचे आजोबा स्लोव्हाकमध्ये. दोघांचं भांडण आहे की एकमत, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याने गोल केला नाही. पण एकदा समोरून दोघं सुसाट येत असताना तो नुसता मागे सरकत राहिला, सावकाश, घाई न करता, आणि बरोबर वेळी काठी पुढे करून रबरी चकती काढून घेतली. सगळं स्टेडियम "ओऽऽ" म्हणालं. नवरा टाळ्या वाजवत होता. सासूबाई कानटोपीत, माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.