वायरीवरचा संशय

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक कापड बोटांत चोळून बघतं. ज्वारी असली तर दाणा दाताखाली धरतं. मॉनिटरचं काय करणार? म्हणून आमच्याकडं आलेलं माणूस मॉनिटर कमी आणि आमचं तोंड जास्त बघतं. पैठण गेटजवळ मी आणि माझा भागीदार मोईन बारा वर्षांपासून मॉनिटर आणि त्यांना लागणाऱ्या वायरी विकतोय. माल जातो, संशय दुकानातच राहतात. चहाला कुणी मित्र आला की मोईन एक किस्सा सांगतो, मी दुसरा सांगतो, तोवर तिसरा दारात उभा असतो.

*

कन्नडचे एक रिटायर्ड तलाठी जुन्या कॉम्प्युटरसाठी निळ्या तोंडाची व्हीजीए केबल घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी एसटीनं परत आले. केबल काउंटरवर ठेवून त्यांनी चष्मा चढवला.

"मॉनिटरला भोकं पंधरा. हिच्यात पिना चौदा. एक कुठं गेली?"

मी सांगितलं की, ती पिन बऱ्याच केबलींत नसतेच, तिच्यावाचून काही अडत नाही. चित्र कसं येतं विचारलं, तर म्हणाले, झकास येतं. तरी पिन पाहिजेच. शेवटी मोईननं त्यांच्यासमोर सहा सीलबंद पाकिटं फोडली. साहेबांनी सहाही केबली स्वतः मोजल्या. प्रत्येकीत चौदा. त्यांनी शांतपणे चष्मा काढून खिशात ठेवला.

"म्हणजे वरूनच खातात."

*

खरात नावाचे गृहस्थ बिडकीनकडच्या एका कारखान्यात मशीनची ड्रॉइंगं काढतात. आमच्याकडून मोठा मॉनिटर नेला आणि तासाभरात फोन केला की, तुम्ही मेलेला मॉनिटर गळ्यात मारला. मोईन बॅग घेऊन त्यांच्या घरी गेला. बघतो तर कॉम्प्युटरच्या मागं एचडीएमआयची दोन भोकं. वरचं जुनं, कॉम्प्युटरचं स्वतःचं. खालचं नव्या ग्राफिक्स कार्डाचं. कार्ड बसवल्यापासून वरचं बंद पडलं होतं आणि खरातांनी वायर वरच लावली होती. मोईननं ती काढून खाली लावली. चित्र आलं.

खरातांचे वडील सोफ्यावरून सगळं बघत होते. म्हणाले, "एवढंच करायचं होतं, तर एवढी मोठी बॅग कशाला आणली?"

मोईननं बॅग उघडून एकेक वस्तू काढून दाखवली. पेचकस, टेप, दोन वायरी, जेवणाचा डबा. वडिलांनी डबासुद्धा उघडायला लावला. आत मेथीची भाजी होती. ती बघून मग म्हणाले, "जा आता."

*

फर्दापूरला लॉज चालवणाऱ्या एका भाऊंचं निराळंच. त्यांच्या कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला नुसता डिस्प्लेपोर्ट. एका टोकाला हा आणि दुसऱ्या टोकाला तो, अशी वायर त्यांनी कुठून तरी आणली होती. दोन्ही टोकं फिट बसली, पण मॉनिटर काळाच. मी समजावलं की, ही वायर एकाच बाजूनं चालते. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तरच. उलटं जोडायचं तर वेगळा कन्व्हर्टर लागतो.

त्यांना वाटलं, कन्व्हर्टर खपवायला मी गोष्ट रचतोय. पाण्याचा पाइप दोन्हीकडून वाहतो, मग तारेला काय कळतं, म्हणाले. कन्व्हर्टर लावून चित्र दाखवलं तेव्हा घेतला, पण जाताना सुनावलंच.

"शहरात रस्ते वन-वे करतात, तिथं निदान पोलीस तरी उभा असतो."

*

संशय काय फक्त गिऱ्हाइकालाच येतो असं नाय. एक म्हातारे गृहस्थ तीन मंगळवार लागोपाठ आले. प्रत्येक मॉनिटरपासून ठरावीक पावलं मागं जायचे, डोळे बारीक करायचे, चिठ्ठीवर काहीतरी लिहायचे आणि निघून जायचे. मोईनची खात्री झाली की, समोरच्या दुकानदारानं माणूस पाठवलाय. चौथ्या मंगळवारी त्यानं तोंडावरच विचारलं, काका, लिहिता काय?

काकांनी चिठ्ठी पुढं केली. घरी पलंगापासून टेबलापर्यंत सात पावलं होती. काकूंना उठवत नव्हतं आणि अमेरिकेतल्या नातीचा चेहरा त्यांना पलंगावरूनच दिसायला हवा होता. त्या दिवशी मॉनिटर पोचवायला मोईन स्वतः गेला. समोरच्या दुकानदाराला तो तीन आठवडे सलाम करत नव्हता, ते कशापायी हे मात्र त्या बिचाऱ्याला अजून ठाऊक नाही.

*

आणि शाहेदाबाजी, बाजी म्हणजे ताई. त्यांचा हिमरू शालींचा व्यवसाय, वडिलांपासूनचा. बाजी कॉम्प्युटरवर नक्षी काढतात, पडद्यावर बघून रंगाचे नंबर ठरवतात आणि युनूसचाचा त्या नंबरचा धागा लावून शाल विणतात. चाचा बाजींच्या लहानपणापासून त्यांच्या हातमागावर बसतात.

बाजी आल्या त्या रागातच. सगळ्यांत मोठा मॉनिटर द्या म्हणाल्या, चाचांना समोर बसवून दाखवायचंय. दोन महिन्यांपासून त्या लाल फुलं काढत होत्या आणि चाचा जांभळी विणून आणत होते. विचारलं तर चाचा म्हणायचे, नंबर जांभळ्याचाच होता. बाजींना वाटलं, शिल्लक धागा खपवतायत. तसं त्या बोलूनही गेल्या. त्या दिवसापासून चाचा कामावर आले नव्हते.

त्यांनी जुना मॉनिटर व्हीजीए वायरीसकट बदलीत द्यायला आणला होता. मी तो लावला, तर सगळं पिवळट. विचारलं, तर म्हणाल्या, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून असं असतं ना? टेबल हलवल्यापासून ते तसंच दिसत होतं. मी आमची वायर लावली. पडदा पांढरा झाला आणि त्यांच्या पेनड्राइव्हमधल्या नक्षीतली सगळी लाल फुलं एका क्षणात जांभळी झाली.

वायरीतली निळा रंग नेणारी तार आत तुटली होती. जांभळ्यातला निळा गेला की उरतो लालच.

बाजींनी जुनी वायर उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "नवा मॉनिटर नको. ती जुनी वायरच परत लावा. आणि तुम्ही चला माझ्यासोबत."

रिक्षात मॉनिटर आणि दुकानातला एक कॉम्प्युटर मांडीवर घेऊन आम्ही चाचांच्या घरी गेलो. त्यांच्या लाकडी तख्तावर मी सगळं तुटक्या वायरीनं जोडलं. पिवळट पडद्यावर लाल फुलं आली. बाजी म्हणाल्या, चाचा, मला दोन महिने हे असं दिसत होतं.

चाचांनी पडद्याजवळ जाऊन फुलावर बोट फिरवलं. वायरीचं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"बेटी, ऐसा लाल तो अपने पास हैच नई," ते म्हणाले. "बोलती तो रंगवा के लाता."