कशाच्या मानानं?

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, जगातली एकही गोष्ट नुसती सांगून पटत नाही. ऊन फार आहे म्हणा, शेजाऱ्याचा मुलगा हुशार निघाला म्हणा, दाजी चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "कशाच्या मानानं?" एरवी घरात अस्सल अहिराणी बोलणारा हा शहाद्याचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक हा एक प्रश्न मात्र वर्गातल्या शुद्ध मराठीत विचारतो. नंदुरबारच्या बाजारात एका मिरचीवाल्यालाही त्यांनी तो विचारला. "तुम्हना तोंडपेक्षा कमीच तिखट शे," असं म्हणून त्यानं पोतं झाकून घेतलं.

घरात दाजींचं माप एकच, आमची अक्का. भाजी खारट झाली का, हवेत गारवा आला का, सगळं तिच्यावरून ठरायचं. "तुन्ही बहीण बदलत नही," ते मला अभिमानानं सांगत, "म्हनीसन तिन्हावर बठ्ठं मोजता येस." मध्यंतरी अक्काच्या हातून चहा कपाबाहेर सांडू लागला. दाजींनी नवे कप आणले.

पन्नाशीला आल्यावर त्यांनी डॉक्टरेट करायला घेतली, आणि तीही माशांवर. माशांची नुकती फळलेली अंडी थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवली की पिल्लांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच राहतात. असे मासे वंश वाढवत नाहीत, नुसते स्वतः वाढतात. यासाठी ब्राह्मणपुरीच्या एका शेततळ्याकाठी दाजी तळ ठोकून असत. एकदा बर्फ कमी पडला तेव्हा त्यांनी सख्ख्या पुतण्याच्या लग्नातल्या मठ्ठ्याच्या पिंपाखालचा बर्फ पळवला आणि सगळं वऱ्हाड कोमट मठ्ठा प्यालं.

या माशांत कुठलं जनुक किती काम करतं हे मोजायचं, तर तुलनेला शेजारी एखादं न डगमगणारं जनुक लागतं. त्यासाठी पेशीचं रोजचं रहाटगाडगं चालवणारी जनुकं धरायची पद्धत आहे. दाजी त्यांना 'घरकामी' म्हणत. काही झालं तरी ती आपलं काम सारखंच करत राहणार, असं सगळेच धरून चालतात. दाजीही चालले. प्रबंध संपत आला तेव्हा त्यांच्या मार्गदर्शकांनी सहज विचारलं, "हे स्थिर आहे, हे तुम्ही तपासलंत?" तपासलं, तर तीन संचांच्या माशांत ते घरकामी जनुकही खालीवर होत होतं. त्याच्या मानानं मोजलेलं सगळं पाण्यात गेलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होतो. दाजींनी ही हकिगत सांगितली आणि मान खाली घालून बसले. अक्कानं चहा ओतला. निम्मा नव्या कपात पडला, निम्मा टेबलावर. दाजी त्या ओघळाकडे बघत राहिले. मग त्यांनी वर पाहिलं.

"तुले काय व्हई ऱ्हायनं?"

"काही नही. बरी शे."

"खरं सांग."

अक्का पदरानं टेबल पुसत राहिली. "दिवाईपासून डावा डोयाले कमी दिखस," ती म्हणाली. "तुम्हीन कधी इचारं नही, मी सांगं नही."

काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं गेलं ते परत येणार नाही, उजवा मात्र औषधानं सांभाळता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

प्रबंध अजून चालूच आहे. आता ते एका जनुकावर विसंबत नाहीत, चारपाच घेतात आणि आधी त्यांनाच एकमेकांशी ताडून बघतात. घरातलं कामही बदललंय. रोज सकाळी ते अक्काच्या डोळ्यात थेंब घालतात, तिचा डावा डोळा स्वतःच्या तळहातानं झाकतात आणि कॅलेंडरसमोर तिला उभी करतात.

"आज किती दिखस?"

"काल इतलंच."

कशाच्या मानानं, हे दाजी तिला विचारत नाहीत. ते हात काढून घेतात आणि चहा ओतायला जातात. सुट्टीत तिकडे गेलो की मी दारात उभा राहून हे बघतो, आणि देवाला फारसा न मानणारा मी मनातल्या मनात म्हणतो, उद्याही तिला आजच्याइतकंच दिसू दे.